साउंड होरेग: ८५ डेसिबलची मर्यादा कामाची की कागदावरची?

नादखुळा (धागाकर्ता)
इंडोनेशियात पूर्व जावामधल्या मलंग, ब्लितार, केदिरी भागात ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुका निघतात. ट्रकवर स्पीकरची भिंत रचून घरं हादरवणारा बेस लावायचा, ते साउंड होरेग. जुलै २०२५ मध्ये उलेमा परिषदेच्या प्रांतिक शाखेने फतवा काढला: इतरांना त्रास, आरोग्याला अपाय किंवा मालमत्तेचं नुकसान होत असेल तर हराम, दोन सेटची जुगलबंदी तर सरसकट हराम, लग्नाकार्यात बेताच्या आवाजात चालेल. ऑगस्टमध्ये सरकार, पोलीस आणि लष्कराचं संयुक्त परिपत्रक आलं: उभ्या सेटला १२० डीबीए (ए-वेटिंगने मोजलेले डेसिबल), चालत्या मिरवणुकीत ८५. इस्पितळापुढे आणि शाळा भरलेली असताना शाळेपुढे आवाज बंद, ट्रकचं पासिंग झालेलं हवं. बंदीपेक्षा हे शंभरपट बरं. जनरेटरवाला, वायरमन, खाऊच्या गाड्या, सगळ्यांचं पोट त्यावर आहे. नुसत्या बंदीने काय साधतं ते आपल्या विसर्जन मिरवणुकांत बघतोच.

मंद्रसप्तक
आकड्यामागचा ‘ए’ बघितलात का? ए-वेटिंग म्हणजे कानाला जेवढं जाणवतं त्या बेताने मोजणं; ते लावलं की मीटर खालच्या कंपनांना सूट देतो. १००० हर्ट्झला सूट शून्य, ६३ ला २६ डीबी, ५० ला ३०, ४० ला जवळपास ३५. होरेगचा जीव नेमका त्याच पट्ट्यात. म्हणजे ५० हर्ट्झचा निव्वळ बेस ११५ डीबीने धडकत असला तरी मीटरवर ८५! कौलांना आणि काचांना ही सूट माहीत नसते. सी-वेटिंग या दुसऱ्या मोजपद्धतीत तीच सूट ५० हर्ट्झला जेमतेम सव्वा डीबी राहते.

नादखुळा
गाण्यात नुसता बेस असतो होय? मीटर वरच्या आवाजानेच आधी ८५ गाठतो. शिवाय अंतर दुप्पट झालं की ६ डीबी उतरतात.

मंद्रसप्तक
क्रॉसओव्हरवर (आवाजाचे पट्टे वेगळे करणारं यंत्र) मिड आणि हाय, म्हणजे मधले आणि वरचे पट्टे, दहा डीबीने खाली घेतले, सब म्हणजे बेसचे स्पीकर तसेच ठेवले, की मीटर गप्प. ऑपरेटरला किती वेळ लागतो त्याला? आणि ६ डीबीचा हिशोब मोकळ्या मैदानातला. दोन्हीकडे भिंती असलेल्या गल्लीत, त्यातही स्पीकरच्या लांबलचक भिंतीच्या जवळ, तेवढे उतरत नाहीत.

चहाबिस्कीट
तुम्ही दोघे मीटरवर भांडताय, खरं इंधन व्हिडिओ आहे. ५० हर्ट्झ फोनच्या स्पीकरमधून ऐकूच येत नाही. मग बघणाऱ्याला काय दाखवणार? थरथरणारे पत्रे, निसटणारी कौलं, बाटलीत नाचणारं पाणी. पडझड दिसली तरच व्हिडिओ चालतो, म्हणून कॅमेरे तिकडेच वळतात.
जवळून फोनचा माइक फाटतो, त्यामुळे जाणते चॅनेलवाले मिक्सरमधून लाइन, म्हणजे थेट वायरने आवाज, घेतात. इथे हमखास होणारा घोळ: कॅमेरा ३४ मीटरवर असेल तर त्याच्या माइकात आवाज ०.१ सेकंद उशिरा पोचतो, ३० फ्रेमच्या व्हिडिओत तीन फ्रेम. लाइनचा ट्रॅक त्या आवाजाशी जुळवला की दिवे आधी लुकलुकतात आणि ठोका मागून येतो. जुळवायचं ते चित्राशी, आवाजाशी नाही.
रिमिक्सवर कंटेंट आयडीचा (यूट्यूबची गाणं ओळखणारी यंत्रणा) दावा लागला की जाहिरातीचे पैसे मूळ हक्कदाराकडे जाऊ शकतात. तरी टाकतातच, कारण पुढच्या गावची सुपारी त्या व्हिडिओवर मिळते.

सरळसोट
कॅमेऱ्याला कशाला बोल? नुकसानीचा पुरावा त्यातूनच मिळतो. ट्रकला वाट व्हावी म्हणून पुलाचे कठडे तोडल्याचं जगाला कळलं ते व्हिडिओमुळेच. मला खटकते ती वर्गणी. सेटचं भाडं कोटींत जातं (दचकू नका, कोटभर रुपिया म्हणजे आपले पन्नास-पंचावन्न हजार) आणि गावाकडून गोळा होतं. ज्याच्या घरात आजारी म्हातारी आहे, तोही देतो. नाही म्हणायची सोय आहे का?

नादखुळा
वर्गणीचा मुद्दा मान्य. पण मीटरवाल्यांनो, बंदी नको तर करायचं काय ते तरी सांगा.

मंद्रसप्तक
मर्यादा डीबीसीमध्ये (सी-वेटिंगच्या डेसिबलमध्ये) द्या, मोजायचं अंतर ठरवा आणि निघण्याआधी प्रोसेसरमधला लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर अडवणारी सोय) सील करा.

चहाबिस्कीट
लिमिटर सील, आणि त्याच्यापुढे अ‍ॅम्प्लिफायरचा गेन (आवाज वाढवायची खुंटी) मोकळा? ऑपरेटर हसेल तुम्हाला.

मंद्रसप्तक
मग गेनच्या खुंट्यांवर पत्रा ठोकून कुलूप लावा, आणि किल्ली मंडळाकडे नको, पोलीस चौकीत ठेवा.