काचेच्या टेबलावर माउसचा कर्सर उड्या का मारतो?

प्रश्न: लाकडी टेबलावर माउस नीट चालतो, काचेवर कर्सर अडकतो किंवा भलतीकडेच जातो. सेन्सर खराब झालाय का?

उत्तर १: सेन्सर बहुधा ठीक आहे. खालचा एलईडी पृष्ठभागावर तिरपा प्रकाश टाकतो, त्यामुळे बारीक खडबडीतपणाच्या सावल्या उठून दिसतात. लेन्समागचा छोटा कॅमेरा त्यांचे फोटो घेतो. साध्या सेन्सरमध्ये फक्त १८ × १८ पिक्सेल, पण सेकंदाला सुमारे १,५०० फ्रेम. लागोपाठच्या दोन फ्रेम एकमेकींवर सरकवून कुठे जुळतात ते चिप तपासते. तेवढंच सरकणं एक्स-वायच्या आकड्यांत कॉम्प्युटरकडे जातं. स्वच्छ काचेवर जुळवायला खुणाच नसतात, म्हणून हिशेब चुकतो. खाली साधा कोरा कागद ठेवून बघा, लगेच फरक कळेल.

उत्तर २: वरचं बरोबर. कागदावरही उड्या मारत असेल तर माउस बंद करून लेन्सच्या खाचेत केस, धूळ अडकली आहे का बघा. कोरड्या कापसाच्या काडीने हलकेच काढा. खालचे सरकपट्टे झिजले असतील तर तेही बदला. लेन्सपासून पृष्ठभागाचं अंतर साधारण २.४ मिमी लागतं, ते बिघडलं की फोटो धूसर येतो. डीपीआय (माउस थोडा हलवल्यावर कर्सर किती सरकावा याचं सेटिंग) वाढवून यातलं काहीच सुधारणार नाही.

प्रश्नकर्ता: कागदावर व्यवस्थित चालतोय. मॅट माउसपॅड घेतो.