बाबांचे वर्षश्राद्ध : १५ ऑगस्ट की ३ सप्टेंबर?

आमच्या घरच्या ग्रुपवर बाबांनी एक नियम घालून दिला होता : बोललेले संदेश नकोत, दुसऱ्यांकडून आलेले संदेश पुढे पाठवणे नको, जे लिहायचे ते पूर्ण वाक्यात लिहावे. ते इंदूरच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवत होते. ते गेले तरी नियम राहिला आहे, म्हणून ही चर्चा इतकी सविस्तर आहे. नावांऐवजी माझ्या मोबाइलमध्ये असलेली नातीच ठेवली आहेत. मात्र आत्या आणि काका बाबांना 'भाऊ' म्हणतात, काका आत्याला 'ताई' म्हणतात आणि आत्या आईला 'वहिनी' म्हणते.

दादा :
सर्वांना नमस्कार. येत्या १५ ऑगस्टला बाबांना जाऊन एक वर्ष पूर्ण होईल. वर्षश्राद्धाचा दिवस आत्ताच ठरवला, तर बंगळुरू आणि वडोदऱ्याहून येणाऱ्यांना तिकिटे काढता येतील. माझ्या मोबाइलमधल्या पंचांगात श्रावण कृष्ण सप्तमी ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात, कामाच्या दिवशी दिसते आहे. माझे मत असे आहे की तिथीचा आग्रह न धरता श्राद्ध १५ ऑगस्टलाच करावे. यंदा त्या दिवशी शनिवार आहे, दुसऱ्या दिवशी रविवार आहे, कोणालाच रजा मागावी लागणार नाही, आणि बाबांच्या विद्यार्थ्यांना तर तीच तारीख आठवते.

आत्या :
भाऊ सप्तमीला गेला. १५ ऑगस्टला यंदा शुद्ध पक्ष असेल, म्हणजे पक्षसुद्धा जुळत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर तारीख लिहितात हे मला मान्य आहे, परंतु श्राद्धाच्या संकल्पात गुरुजी तारीख म्हणत नाहीत; मास, पक्ष आणि तिथी म्हणतात. त्या जागी कोणती तिथी उच्चारायची ते तूच सांग. आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आपला श्रावण सुरू तरी होतो का, हे आधी काकांना विचार.

काका :
ताईचा प्रश्न रास्त आहे आणि या घोटाळ्यात इंदूरची निम्मी मराठी घरे दरवर्षी सापडतात. आपला महिना अमावास्येला संपतो. माळव्यातील हिंदी भाषकांचा महिना पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांच्या महिन्याचे नाव एकच असते आणि वद्य पक्षात त्यांचे नाव एक महिना पुढे असते. यंदा त्यांचा श्रावण ३० जुलैला लागतो आणि आपला १३ ऑगस्टला. दादाच्या मोबाइलने जी सप्तमी दाखवली ती आपल्या हिशेबाने आषाढ वद्य सप्तमी आहे. भाऊ गेले ती आपली श्रावण वद्य सप्तमी, जिला शेजारचे लोक भाद्रपद कृष्ण सप्तमी म्हणतील. कोणाला शंका असेल तर अहिल्यादेवींच्या पुण्यतिथीचे उदाहरण पाहावे. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्या निवर्तल्या. इंदूरमध्ये त्यांची पालखी निघते त्या दिवसाला गावातली हिंदी वर्तमानपत्रे भाद्रपद कृष्ण चतुर्दशी म्हणतात आणि मराठी पुस्तके श्रावण वद्य चतुर्दशी म्हणतात. पालखी एकच, दिवसही एकच.

यंदा अधिक ज्येष्ठ आला होता, म्हणून सगळ्या तिथी पुढे गेल्या आहेत आणि ही सप्तमी गुरुवारी, ३ सप्टेंबरला येते. भाऊंची तिथी लक्षात ठेवण्यासाठी पंचांगाचीही गरज नाही. गोकुळाष्टमीचा आदला दिवस, एवढे पुरे आहे.

दादा :
काका, चूक लक्षात आली. मी ॲपची भाषा मराठी केली होती, तेवढ्याने महिनाही मराठी होईल असे मला वाटले. परंतु गुरुवार हा कामाचाच दिवस आहे, त्यामुळे मूळ अडचण कायम आहे.

मी :
माझ्यासाठी गुरुवार उलट सोयीचा आहे. शुक्रवारी गोकुळाष्टमी आहे, पुढे शनिवार-रविवार आहे. दोन दिवस रजा टाकली तर चार दिवस इंदूरला राहता येईल. कामाच्या दिवसाची अडचण खरी आहे, पण ती किती तासांची आहे हे एकदा मोजावे असे मला वाटते. काका, श्राद्धाची वेळ नेमकी कोणती?

काका :
दिवसाचे, म्हणजे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे, पाच समान भाग करतात : प्रातःकाल, संगव, मध्याह्न, अपराह्ण आणि सायाह्न. वार्षिक श्राद्ध अपराह्णात करतात. इंदूरला ३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य सहा वाजून गेल्यावर उगवतो आणि पावणेसातच्या आसपास मावळतो, म्हणजे अपराह्ण साधारण पावणेदोन ते सव्वाचार असा धरायला हरकत नाही. त्या दिवशी सप्तमी दिवसभर आहे, त्यामुळे तिथीच्या बाजूने काहीही अडचण नाही. सगळे विधी त्या एका दिवसात बसवण्याचे गुरुजींनी कबूल केले आहे आणि प्रत्यक्ष विधीला दोन-सव्वादोन तास लागतील.

दादा :
मग प्रश्न सुटलाच. मी सकाळची दैनंदिन बैठक घरूनच करेन, दुपारी अर्ध्या दिवसाची रजा घेईन आणि गरज पडली तर पाचनंतर पुन्हा कामाला बसेन. सर्वांना मान्य असेल तर मी गुरुजींना कळवतो.

वहिनी :
गुरुजींना कळवण्यापूर्वी मला थोडे लिहायचे आहे. मोठ्यांनी गैरसमज करून घेऊ नये. या घरात आले तेव्हा मी 'स्वयंपाक करून राहिली' असे बोलत असे आणि बाबा दर वेळी हसत हसत 'करते आहे' असे सुधारत असत; त्यांच्या श्राद्धाचा मला कंटाळा आला आहे असे कोणी समजू नये.

वर सगळा हिशेब दोन तासांचा चालला आहे. तो बसणाऱ्याचा हिशेब आहे. आदल्या रात्री उडदाची डाळ भिजवायची, पहाटे उठून ओटा धुऊन घ्यायचा, सोवळ्यात वडे, खीर, कढी, भोपळ्याची भाजी, कारले, गवार, अळूचे फतफते, आमसुलाची चटणी हे सारे साडेबारापर्यंत तयार ठेवायचे, ब्राह्मणांची पाने वाढायची, मग घरच्यांची, मग पाहुण्यांची, आणि शेवटी भांडी. कारण त्या दिवशी कामवाल्या बाईंना स्वयंपाकघरात येऊ द्यायचे नाही. गेल्या वर्षभरातल्या प्रत्येक मासिकाला यांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि मी पूर्ण दिवसाची. अधिक महिन्यामुळे त्यात एक मासिक वाढले. यांच्या अर्जावर 'वडिलांचे मासिक श्राद्ध' असे लिहिलेले पाहून त्यांचे साहेब हात जोडतात. माझ्या अर्जावर तेच सासऱ्यांच्या नावाने लिहिले, तर मला विचारले जाते, 'पिछले महीने भी तो था ना?' आणि सप्टेंबर हा आमच्या कचेरीत लेखापरीक्षणाचा महिना असतो. ३० तारखेपर्यंत लोकांचे अहवाल जायचे असतात.

धर्म आणि नोकरी यांचा मेळ कसा घालावा यावर या ग्रुपवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या घरात तो मेळ माझ्या रजांच्या खात्यातून घातला जातो, एवढेच माझे म्हणणे आहे.

ताई :
वहिनी, तू हे लिहिलेस ते बरे केलेस. मी वडोदऱ्याला सुटी घेऊन सासरची श्राद्धे सांभाळते आणि माहेरी पाहुणी म्हणून पानावर बसते, त्यामुळे बोलण्याचा अधिकार मला कमीच आहे. सुचवायचे एवढेच, की राजेंद्रनगर, सुदामानगर या भागांत सोवळ्यातला स्वयंपाक करून देणारी मराठी मंडळी आहेत, त्यांना विचारावे. खर्च मी आणि धाकटा मिळून देऊ.

आत्या :
बाहेरून आणलेल्या अन्नाचे पिंड करायचे हे माझ्या मनाला पटत नाही, आणि हे मी सूनबाईला दुखवण्यासाठी लिहीत नाही. आम्ही केले, म्हणून तुम्हीही करा, असेही मी म्हणणार नाही. आमच्या वेळी घरात चार बायका असायच्या आणि त्यांतली एकही कचेरीत जात नव्हती. परंतु दर वेळी एकेक गोष्ट सोयीसाठी सोडत गेलो, तर शेवटी फोटोला हार घालणे तेवढे उरेल. काका, शास्त्रात यावर काही आहे का?

काका :
शास्त्र आपल्या समजुतीपेक्षा बरेच मोकळे आहे. शिजवलेल्या अन्नाऐवजी कोरडा शिधा देऊन होणारे आमश्राद्ध आहे, द्रव्य देऊन होणारे हिरण्यश्राद्ध आहे, पिंडांशिवाय होणारा सांकल्पिक विधी आहे. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने मोकळ्या जागी दोन्ही हात वर करून 'माझ्याजवळ धन नाही, माझ्या भक्तीने पितर तृप्त होवोत' असे म्हणावे, इथपर्यंत विष्णुपुराणाने सवलत दिली आहे. मात्र या सवलती प्रवासात असलेल्यासाठी, अडलेल्यासाठी, निर्धनासाठी आहेत. पाच कमावते हात असलेल्या घराने पहिल्याच वर्षी निर्धनाची सवलत घ्यावी, हे मला थोडे अवघड वाटते. दुसरा मार्ग म्हणजे उज्जैनला सिद्धवटावर जाणे. तास-दीड तासाचा रस्ता आहे, सगळी व्यवस्था तिथेच होते.

आता सूनबाईच्या मुद्द्याकडे येतो, कारण माझ्यासकट सगळे तो टाळत आहेत. श्राद्धाचा स्वयंपाक पुरुषाने करू नये असे मी कुठेही वाचलेले नाही. माझ्या लहानपणी मोठ्या घरांतला असा स्वयंपाक सोवळे नेसलेले आचारीच करत असत आणि ते पुरुषच होते. सोवळे नेसणाऱ्याला असते, बाई किंवा पुरुष असे नसते. हे मला साठी उलटल्यावर सुचावे याची लाज वाटते.

दादा :
मला स्वयंपाक येत नाही, हे सर्वांना माहीत आहे.

वहिनी :
दोन वर्षांपूर्वी तुम्हाला मोटारही चालवता येत नव्हती.

मी :
मी बुधवारी सकाळीच पोहोचतो. भाज्या चिरणे, नारळ खवणे आणि वाढणे ही कामे माझ्याकडे द्यावीत. उज्जैनबद्दल माझे मत विरुद्ध आहे. आईच्या गुडघ्यांना तो प्रवास आणि घाटावरचे बसणे झेपणार नाही. आणखी एक व्यावहारिक गोष्ट : सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत कावळा येत नाही, पारवे येतात. माघातल्या मासिकाला दादा आणि मी पाऊण तास पान राखत उभे होतो आणि दादाच्या कानात यंत्र लावून बैठक चालू होती. या वेळी पान खाली बागेतल्या कडुलिंबाजवळ ठेवावे.

आत्या :
कडुलिंबाजवळ ठेवायला हरकत नाही. गाईचा घास मी आमच्या गल्लीतून घालून येईन. पण स्वयंपाकाचे ठरल्याशिवाय गुरुजींना कळवू नका. आणि आईला कोणी विचारले आहे का? ती सगळे वाचते, लिहीत मात्र नाही.

आई :
वाचत होते. हे अक्षर बारीक आहे, म्हणून वेळ लागला.

गेल्या वर्षी तेरावा आणि गणेशचतुर्थी एका दिवशी आली. सकाळी निधनशांत झाली आणि दुपारी गणपती बसला. त्या दिवशी मोदक आत्यांनी त्यांच्या घरून करून आणले होते. तेव्हा दुसऱ्या घरचे चालले, कारण करणारे आपले होते. त्यामुळे बाहेरचे आणायला माझी ना नाही, पण या पहिल्या वर्षी घरीच करू, कमी करू. कारले यांनी कधी खाल्ले नाही. मी चाळीस वर्षे पितरांना वाढले, यांच्या पानात वाढले की हे बाजूला सारत. ते नको. गवार नको. फतफते आत्या आणतील, त्यांच्या हातचे यांना आवडे. खीर, वडे, कढी, भोपळा, चटणी, वरणभात इतके पुरे. ब्राह्मण दोनच सांगा.

सूनबाईने त्या दिवशी कचेरीत जावे. पानावर बसायला दीड वाजेपर्यंत आली तरी चालेल, आणि नाही जमले तर रात्री जेवेल. मी खुर्चीवर बसून सांगेन. वडे दादाने थापायचे आहेत.

आत्या :
वहिनी, तुम्ही म्हणाल तसे. फतफते मी आणते. पण डाळ वाटताना पाणी घालायचे नाही, हे त्याला कोणीतरी आधी सांगा.

काका :
मग गुरुवार, ३ सप्टेंबर, अपराह्ण, हे पक्के. गुरुजींना मी कळवतो. १५ ऑगस्टला बाबांचे विद्यार्थी येणारच असतील तर त्यांनी जरूर यावे. झेंडावंदनानंतर चहा-पोहे होतील आणि ज्याला ज्याला भाऊंच्या कपाटातले पुस्तक हवे असेल त्याने ते घेऊन जावे. त्या दिवशी विधी काही नाही.

दादा :
मान्य आहे. पूर्ण दिवसाची रजा टाकली. आई, उडदाची डाळ किती भिजवायची आणि बुधवारी रात्री किती वाजता?

आई :
अर्धा किलो. झोपण्याआधी.

दादा :
घरात आहे की आणावी लागेल?

वहिनी :
फडताळाच्या तिसऱ्या फळीवर, स्टीलच्या उभ्या डब्यात आहे. शेजारी तशाच डब्यात मुगाची डाळ आहे, तेव्हा झाकण उघडून पाहावे.