थंडीतली सहल : लहान पोरांना घेऊन जायचं कुठे?

(सोसायटीच्या ग्रुपवरून)

सोमवार, रात्री

ए-७०२ : नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत सोसायटीतल्या छोट्या मुलांना घेऊन एक दिवस बाहेर जाऊया का? दीड तासावरचं एक रिसॉर्ट बघून ठेवलंय. नाश्ता, जेवण, हुरडा, स्विमिंग पूल, रेन डान्स, उंट, बैलगाडी, संध्याकाळी डीजे, सगळं एकाच तिकिटात. तीन वर्षांखालच्या मुलांना पैसे नाहीत.

सी-२०३ : आम्ही तिघं. कुठेही न्या, पण न्या. पोरगा शाळेतून आला की मोबाइल आणि सोफा.

ए-४०४ (सेक्रेटरी) : छान कल्पना. मात्र सोसायटीच्या फंडातून खर्च करता येणार नाही, ज्याचा त्याने.

बी-३०४ : दादा, एकत्र जायचं हे अगदी मनापासून पटलं. पण जागेबद्दल माझं मत वेगळं आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही. गेल्या डिसेंबरात आम्ही अशाच एका ठिकाणी गेलो होतो. तिकिटात सगळं होतं म्हणून सगळं करायचं, असा तो दिवस गेला. पूलचं पाणी बर्फासारखं. धाकट्याचे ओठ निळे पडले तरी तो बाहेर यायला तयार नाही. मग जेवणाची रांग, मग उंटाची रांग. तीनच्या सुमाराला दोघंही रडायला लागली, झोप अनावर झालेली आणि झोपायला जागा नाही. रात्री धाकट्याला ताप.

दुसऱ्या दिवशी थोरलीला विचारलं, तुला काय आवडलं गं? म्हणाली, "ती म्हैस. डोळे मिटून चघळत होती ना, ती." बैलगाडीच्या रस्त्याकडेला एक म्हैस बांधलेली होती. तिच्यापाशी पोरगी उभी राहिली तेव्हा मीच तिचा हात ओढून पुढे नेलं होतं, रेन डान्सची वेळ झाली म्हणून. तेव्हापासून माझ्या मनाने घेतलंय, लहान मुलांबरोबर दिवसात एक गोष्ट, फार तर दोन, आणि तिथे त्यांचं पोट भरेपर्यंत थांबायचं.

सी-२०३ : वहिनी, म्हशीचं वाचून गलबलून आलं. आमच्याकडेही हेच होतं.

ए-७०२ : मुद्दा बरोबर आहे. पण पंधरा-वीस मुलं, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एकाच गोष्टीत सगळी रमतील का? तुम्हीच सुचवा जागा.

सी-५०१ काका : मी सुचवतो. भिगवण. पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण १०० किलोमीटर, म्हणजे लवकर निघालं तर दोन-अडीच तास. उजनी धरणाचं पाणी तिथवर मागे पसरलेलं आहे. कुंभारगाव, डिकसळ ही काठावरची गावं. तिथले मच्छीमारच आपल्याला होडीतून फिरवतात. त्यांची नजर अशी की आपण दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत ते पक्ष्याचं नाव सांगून मोकळे. दरवर्षी जातो, दरवर्षी त्यांच्याकडून नवं काही शिकून येतो.

पण नाताळात नको, आणि याचं कारण मुलांनाही सांगण्यासारखं आहे. सगळ्यांना तिथे बघायचे असतात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. रोहितला लागतो उथळ पाण्यातला चिखल. तो लांब मान खाली घालतो, डोकं उलटं करतो आणि वाकड्या चोचीतून चिखलपाणी गाळून त्यातलं शेवाळ नि कोळंबीच्या जातीचे बारीक जीव खातो. त्या खाण्यातूनच पिसांना गुलाबी रंग चढतो. पिल्लं करडी असतात. आता पाऊस चांगला झाला, धरण तुडुंब भरलं, तर तो चिखल पाण्याखालीच राहतो आणि रोहित उशिरा येतात. शेतीला पाणी सुटलं, काठ उघडे पडायला लागले की मग थवे दिसतात. यंदा धरण भरलंय. म्हणून जानेवारीच्या अखेरीला जाऊ, २६ तारखेची गर्दी ओसरल्यावरच्या रविवारी.

समजा रोहित तेव्हाही थोडेच असले, तरी पट्टकदंब भेटतील. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंसाच्या कुळातला पक्षी. तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. मुलांना फक्त एवढंच सांगायचं, पट्टे मोजा.

बी-६०१ (डॉक्टर) : काका, होडीत लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट असतात का? मोठ्यांचं जॅकेट चार वर्षांच्या मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकून निघतं. त्याचा काहीच उपयोग नाही.

सी-५०१ काका : बरोबर बोललीस. होडीवाल्यांना आधी फोन करून माप सांगून ठेवतो. तेवढी नसली तर आपण इथून भाड्याने नेऊ. त्याशिवाय एकही मूल होडीत चढणार नाही, मी स्वतः बघीन.

बी-३०४ : काका, जानेवारी अखेर म्हणजे फारच छान. त्याच रस्त्याला हुरडा! आई (माझ्या सासूबाई) शेजारी बसल्यात. त्या सांगतायत, मी टाइप करते.

"मी मंगळवेढ्याची. आमच्याकडची काळी जमीन आणि त्यातली ज्वारी, याला तोड नाही. पण घरी भाकरीला मालदांडी आणि हुरड्याला वेगळी, हे पोरांना माहीत नसतं. हुरड्याला सुरती, गुळभेंडी. दाणा टपोरा आणि चोळला की बोंडातून सुटतो. कणीस कोवळं असलं तर नुसतं दूध, हाताला चिकटतं. आठ दिवस जास्त झाले तर दाणा दातांना कडक. मधले थोडेच दिवस हुरड्याचे. म्हणून शेतावर जायचं ते विचारून जायचं.

खड्ड्यात गोवऱ्या पेटवायच्या, त्याला आगटी म्हणतात. जाळ खाली बसला की निखाऱ्यात कणसं खुपसायची. हिरव्या कणसाचा जो वास सुटतो तो दुसऱ्या कशालाच नाही. गरम कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून फोलपट उडवायचं आणि गरम असतानाच तोंडात. आमच्या वडिलांचे तळहात दोन महिने काळे असायचे. आम्हा भावंडांची कामं वाटलेली, मी फुंकर मारणारी. जवसाची चटणी, लसणाची चटणी, गूळ, दही. वरून ताक. संध्याकाळी डीजे लावून खायचा पदार्थ नाही तो, सकाळच्या कोवळ्या उन्हात बसून खायचा."

ए-७०२ : आजींना नमस्कार सांगा. तोंडाला पाणी सुटलं. डीजेचा आग्रह मी मागे घेतो.

सी-२०३ : माझ्या मुलाला धुराचा त्रास होतो, थंडीत छाती भरते. आगटीजवळ चालेल का?

बी-६०१ (डॉक्टर) : वारा येतो त्या बाजूला, आगटीपासून लांब बसवा, कणसं तिथे आणून द्या. त्याचा पंप खिशात हवा, बसमधल्या बॅगेत नाही. आणि सगळ्यांनाच सांगते, पहाटे पारा दहाच्या आसपास आणि दुपारी तीसच्या जवळ, अशी आपली थंडी. एकच जाड स्वेटर घालू नका. पातळ कपड्यांवर कपडे घाला, म्हणजे ऊन चढेल तसे काढता येतील. होडीत कानटोपी हवीच, नंतर उन्हाची टोपी.

मंगळवार, दुपारी

ए-१०२ : काल रात्री सगळं वाचलं, बाळाला झोपवताना. आमचं नऊ महिन्यांचं आहे, आम्हाला काही इतक्या लांब जमणार नाही. पण संक्रांतीनंतर तिचं बोरन्हाण करायचंय, पहिलंच. क्लबहाउसमध्ये सोसायटीतल्या पाच वर्षांखालच्या सगळ्याच बाळांचं एकत्र केलं तर? माझी आई लांब आहे, मला एकटीला जमेल असं वाटत नाही.

बी-३०४ : अगं, एकटीने कशाला? आपण आहोत ना! आई तर आत्ताच हलव्याच्या दागिन्यांची गोष्ट काढून बसल्या. काळं झबलं आहे का तुझ्याकडे? माझ्या धाकट्याचं ठेवलेलं आहे, देते.

बी-१०५ आजी : रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, हलवा. मुकुट आणि बाजूबंद मी हलव्याचे करून देईन. हात अजून चालतात.

बी-६०१ (डॉक्टर) : सगळ्या आज्यांची माफी मागून एक सांगते. बोरन्हाण जरूर करा, पण शेंगदाणे, हरभरे, अख्खी बोरं आणि हलव्याचे दाणे लहानांच्या तोंडात जाऊ देऊ नका. चार वर्षांखालच्या मुलांना दाढांनी नीट चावता येत नाही. हसता-पळताना असा दाणा श्वासनलिकेत जातो. शेंगदाणा त्यात सगळ्यात वाईट. डोक्यावर ओतायला नुसते चुरमुरे घ्या, आणि बाकीचं मोठ्या मुलांना पुड्या बांधून द्या. बाळं मांडीवर असू दे, खाली सांडलेलं लगेच गोळा करायला एकजण नेमा.

आणि कधी घशात अडकलंच, तर न दिसणाऱ्या वस्तूसाठी तोंडात बोट घालून चाचपडू नका, ती आणखी आत जाते. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, आणि खांद्यांच्या मधोमध तळव्याने पाच थापा. पुढचं बोरन्हाणाच्या आधी क्लबहाउसमध्ये बाहुलीवर करून दाखवते. अर्धा तास या, आज्यांनीही या.

बी-१०५ आजी : माफी कसली मागतेस गं. आमच्या वेळी कुणी सांगणारं नव्हतं. मी येते शिकायला.

सी-२०३ : जानेवारीला अजून वेळ आहे. तोवर दुसरं काही? महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी तोडायला नेऊ म्हणत होतो.

ए-७०२ : आम्ही गेल्या वर्षी नेलं. रोपावरून स्वतः तोडलेली स्ट्रॉबेरी मुलं काय आनंदाने खातात! धुऊन द्या तेवढं. पण पसरणीच्या घाटात आमच्या लेकीला दोनदा उलटी झाली. एका दिवसात जाऊन येऊ नका, पाचगणीला राहा. वाटेत भिलार बघा, पुस्तकांचं गाव. घराघरात पुस्तकं मांडलेली आहेत, कुणाच्याही ओसरीवर बसून वाचा. मुलगी तासभर एका घरात बसली, काकूंनी पाणी आणून दिलं.

सी-५०१ काका : आणि फुकटातलं पाहिजे तर गच्ची आहे की! १३ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्का पडताना दिसतात, पण शहराच्या उजेडात फार नाही दिसणार, आणि छोट्यांना जागवायची गरजही नाही. त्यापेक्षा जानेवारीत साडेसात-आठला या. पूर्वेला मृग वर आलेलं असतं. चौकोनाच्या चार चांदण्या, मधे एका ओळीत तीन, तो बाण. बाणाची रेघ खाली वाढवली की व्याध, रात्रीचा सगळ्यात तेजस्वी तारा. वर वाढवली की रोहिणी, लालसर. तिच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका, त्यात किती दिसतात ते मोजायला लावा. माझी नात सहा मोजते, मला आता चारच दिसतात. गच्चीवरचे दिवे अर्धा तास बंद करता येतील का, सेक्रेटरी?

ए-४०४ (सेक्रेटरी) : करतो. पण कठड्याजवळ मुलं नकोत, सतरंज्या मध्यभागी. आणि शेकोटीचं कुणीतरी विचारलं होतं, ती नाही हं. आवारात काही जाळायचं नाही.

रविवार, दुपारी

सी-५०१ काका : आज रंगीत तालीम म्हणून नातीला आणि बी-३०४ च्या दोघांना घेऊन कवडीपाटला जाऊन आलो. लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेवर. सातला पोहोचलो. धुकं होतं. बंधाऱ्यावर प्लॅस्टिक अडकलेलं, पाण्याला वास, हे बघून दरवेळी जीव तुटतो. आपल्याच नळ्यांतून गेलेलं पाणी आहे ते. तरीही चक्रवाकांची जोडी होती, नारिंगी अंगाची. शेकाटे होते, थापट्या बदकं होती.

बी-३०४ चा धाकटा शेकाट्याकडे बघत बसला. त्याचे लांब गुलाबी पाय पाण्यात, चालताना एकेक पाय पूर्ण उचलून ठेवतो. पोरगा उठला आणि तसाच चालायला लागला, गुडघे वर, हात मागे. मग तिघंही. अर्धा तास बांधावर तिघांचं तेच चाललं होतं. दुर्बीण कुणी मागितलीच नाही. मीही मग पुढे चला म्हणालो नाही.

बी-३०४ : काका, घरी आल्यापासून हॉलमध्येही तेच चाललंय. जेवायलाही तसाच चालत आला. खरंच मनापासून आभार.

ए-७०२ : मी सतरा सीटच्या टेम्पो ट्रॅव्हलरचा भाव काढलाय. मुलं मांडीवर घ्यायची नाहीत, प्रत्येकाला सीट, म्हणजे दोन गाड्या लागतील. पहाटे साडेपाचला निघू, मुलं गाडीत झोपतील. आठला होडी, साडेदहा-अकराला शेतावर हुरडा आणि जेवण, दुपारी मुलांना झाडाखाली पडू द्यायचं, तीनला परत. वाटेत दुसरं काही बघायचं नाही. शेतकऱ्याला शौचालयाचं आधी विचारलं, स्वच्छ आहे, पाणी आहे. आणि हो, त्याच्याकडे म्हैस आहे. रेडकूही आहे.

बी-३०४ : दादा! थोरलीला सांगितलं. उड्या मारतेय.

सी-२०३ : आमच्या तीन सीट नक्की.

बी-३०४ : आमच्या पाच. आई विचारतायत, ड्रायव्हरशेजारची पुढची सीट मिळेल का. उजाडलं की रस्त्याकडेला ज्वारीची शेतं लागतील, ती पोरांना दाखवत न्यायची म्हणतायत.

ए-७०२ : पुढची सीट आजींचीच. लिहून टाकली.