रेकॉर्ड्स जमवणाऱ्यांनो, तुमचे अनुभव सांगा

मंडळी, तबकड्या जमवणारे इथे बरेच आहेत पण एकत्र कधी बोलणं झालं नाही, म्हणून हा धागा. नाद कसा लागला, कुठून आणता, पावसाळ्यात काय करता, सगळं लिहा. माझी सुरुवात आजोबांच्या चावीच्या फोनोपासून. दहा इंची 78 ची (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डची) एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं, तेवढ्यात हिराबाई बडोदेकर अख्खा राग उभा करतात आणि कुठेही घाई वाटत नाही. तास-तासाच्या मैफिली मी आवडीने ऐकते, पण इतक्या कमी वेळात काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे त्या पिढीला जसं कळलं तसं नंतर कुणाला कळलं नाही असं माझं ठाम मत आहे.

*

मी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार जातो, मुंबईला गेलो की चोरबाजार. लाखेची रेकॉर्ड घेताना आधी उजेडात तिरकी धरून चरे बघायचे, मग मधल्या भोकात बोट घालून धरायची आणि कडेला हलकी टिचकी मारायची, माठ घेताना वाजवून बघतो ना तसंच. खणखणीत वाजली तर घ्या, बद्द वाजली तर कुठेतरी बारीक तडा आहे.

*

ताई, छान धागा. मला सगळ्यात जुन्या रेकॉर्ड्सचं वेड. त्यात गाणं संपता संपता गायिका स्वतःचं नाव सांगते. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं, पण तेव्हा आपल्याकडे कारखाना नव्हता, रेकॉर्ड्स जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायच्या, आणि तिथल्या माणसांना कोण गातंय ते कळावं म्हणून ही नावाची घोषणा. शंभरावर वर्षांनी तो ठसक्यातला आवाज घरात घुमतो तेव्हा अंगावर काटा येतो हो!

*

रत्नागिरीकर हजर. आमच्याकडे आषाढ-श्रावणात बुरशीशी लढाई. रेकॉर्ड्स कायम उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका, खालच्या वाकतात आणि लाखेच्या असतील तर तडकतात. पुसायला डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य लिक्विड सोपचा थेंब, लेबल कोरडं ठेवून. आणि 78 ला स्पिरिट अजिबात लावू नका, लाख त्यात विरघळते, चकाकी जाते ती कायमची.

*

मी गोव्याची, फोंड्याजवळची. केरीच्या गायिका केसरबाई केरकर यांच्या 78 मिळतील तिथून घेते. त्यांची भैरवी 1977 मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती गेली तीही रेकॉर्डवरूनच, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी, मिनिटाला 16⅔ फेऱ्यांची. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई वारल्या. माझ्याकडे त्यांची भैरवी आहे, खरखर खूप आहे तरी षड्जावर आवाज लागला की घरातले सगळे हातातलं काम थांबवतात.

*

न्यू जर्सीहून. नवीन लोकांना एकच सांगणं, एलपीची (नंतरच्या, 33 फेऱ्यांच्या रेकॉर्डची) सुई 78 ला लावू नका. 78 ची खाच जवळजवळ तिप्पट रुंद, बारीक सुई तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. वेगळी तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई घ्या, फार महाग नाही. आणि टर्नटेबल घेताना त्यावर 78 चा स्पीड आहे ना ते आधी विचारा, हल्लीच्या बऱ्याच मशीनवर फक्त 33 आणि 45 असतात. रत्नागिरीकर, बुरशी लागलेली कव्हरं तुम्ही टाकून देता की काही करता येतं?