पत्रकारांना हवामान बदल शिकवायचा, पण नेमका कोणाला?

रोखठोक: पत्रकारांना हवामान बदलाचं प्रशिक्षण द्यायची टूम निघाली आहे. देणार कोण? ज्यांची मतं आधीच ठरली आहेत तेच. पत्रकाराने दोन्ही बाजू मांडाव्यात आणि निर्णय वाचकावर सोडावा, बाकी सगळा प्रचार. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या शास्त्रीय समितीच्या, २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपतील असं छापलं होतं. २०१० मध्ये चूक कबूल करावी लागली. यांच्याकडून शिकायचं?

बातमीदार: कालपासून ही पोस्ट डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो. दोन्ही बाजू मांडायचा नियम मतांसाठी आहे. कर वाढवावा का, धरण बांधावं का, तिथे दोन्ही बाजू हव्यातच. मोजमापाचं तसं नसतं. १८५०–१९०० च्या तुलनेत २०११–२० या दशकात पृथ्वी सुमारे १.१ अंशाने तापलेली होती, आणि ती माणसामुळे तापली याबद्दल आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालाने शंकेला जागा ठेवलेली नाही. त्यासमोर 'मला नाही तसं वाटत' म्हणणारा एक जण बसवला की वाचकाला वाटतं, शास्त्रज्ञ निम्मे इकडे, निम्मे तिकडे. अमेरिकेतल्या चार मोठ्या दैनिकांच्या १९८८ ते २००२ मधल्या बातम्या दोन संशोधकांनी तपासल्या, तर निम्म्याहून जास्त बातम्यांत माणसाचा वाटा आणि नैसर्गिक चढउतार यांना सारखंच वजन होतं. बीबीसीनेही २०१८ मध्ये आपल्या लोकांना कळवलं, समतोलासाठी नाकारणारा शोधून आणायची गरज नाही.

२०३५ ची चूक खरीच. पण ती पकडली हिमनद्यांचाच अभ्यास करणाऱ्यांनी.

आता माझं सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी लिहिलं होतं, 'तापमानात १० टक्के वाढ', कारण ४० अंशांचे ४४ झाले होते. तेच आकडे फॅरनहाइटमध्ये मांडले तर १०४ आणि १११.२, म्हणजे वाढ ७ टक्क्यांच्या आत. ऊन एकच, टक्केवारी दोन. सेल्सिअसचं शून्य पाणी गोठण्याचं आहे, उष्णता संपण्याचं नाही, त्यामुळे तिथे टक्के काढण्याला अर्थच नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बातमी तशीच छापून आली. हे शिकवण्यात कुठला प्रचार आहे, सांगा.

रात्रपाळी: मी बावीस वर्षं डेस्कवर काढली, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून मथळे देण्यात. प्रशिक्षण देता कोणाला, तर वार्ताहरांना! मथळा तो लिहीतच नाही. रात्री साडेअकराला पान छपाईला सोडायचं असतं, तीन कॉलमांची जागा, 'शक्यता' हा शब्द ओळीत बसत नाही. मग तो उडतो. वार्ताहराने लिहिलेलं असतं, 'अशा उष्णतेच्या लाटांची शक्यता वाढली आहे, या एका लाटेबद्दल अभ्यास व्हायचा आहे.' छापून येतं 'हवामान बदलाचे बळी'. मी स्वतः असे मथळे दिले आहेत. शिकवायचं तर डेस्कला शिकवा.

रोखठोक: म्हणजे अतिरंजित छापता हे कबूल. मादागास्करचं घ्या. २०२१ मध्ये जगभर छापून आलं की हवामान बदलामुळे आलेली ही पहिली उपासमार. डिसेंबरमध्ये वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन या, एखाद्या आपत्तीत हवामान बदलाचा वाटा किती ते तपासणाऱ्या गटाच्या शास्त्रज्ञांनी तपासलं तर पाऊस कमी पडण्यात हवामान बदलाचा वाटा अगदी किरकोळ. मुख्य कारण नैसर्गिक चढउतार, आणि त्यावर गरिबी. त्या खुलाशाला पहिल्या पानावर जागा मिळाली का?

बातमीदार: उदाहरण अचूक आहे आणि ते माझ्याच बाजूचं आहे. याच गटाने त्याच वर्षी जूनमधल्या कॅनडाच्या उष्णतेच्या लाटेबद्दल सांगितलं होतं की पृथ्वी तापली नसती तर अशी लाट जवळपास अशक्य होती. लिटन गावात ४९.६ अंश नोंदले गेले होते. पद्धत तीच, उत्तरं दोन वेगळी. प्रत्येक आपत्तीवर एकच शिक्का मारणं चूक आणि एकीवरही न मारणं चूक, हा फरक ओळखायलाच शिकावं लागतं.

रोखठोक: या गटाचे निष्कर्ष आठवडाभरात येतात, तेही इतर शास्त्रज्ञांनी समीक्षा करण्याआधी.

बातमीदार: पद्धतीची समीक्षा झालेली आहे. घटना नवीन असते. पण हे बातमीत एका वाक्यात सांगायला हवं आणि आम्ही सांगत नाही, इतकं मान्य.

शब्दवेडा: तुम्ही सगळे मुळालाच हात घालत नाही. मराठीत घोळ शब्दातच आहे. उद्या पाऊस पडेल का, तर 'हवामान अंदाज'. तीस वर्षांची सरासरी, तर तेही 'हवामान'. मग थंडीची एक लाट आली की लोक विचारणारच, 'कुठे गेला तुमचा हवामान बदल?' हिंदीत मौसम आणि जलवायु वेगळे आहेत. आपण आपलं एकच भांडं दोन्हीला वापरतो.

भूगोलबाई: एकच भांडं नाही हो! शाळेत आम्ही 'हवा' आणि 'हवामान' वेगळंच शिकवतो. आजची ती हवा, दीर्घकाळाचं ते हवामान. तापमान, पर्जन्यमान, तसंच हवामान. मुलांना अठरा वर्षांपूर्वी शिकवलेलं अजून आठवतं, पण वर्तमानपत्र उघडलं की 'आजचे हवामान'. शिकवलेलं पुसून टाकता तुम्ही.

रात्रपाळी: बाई, 'आजची हवा' असं लिहिलं तर वाचक प्रदूषणाचा आकडा शोधेल. 'हवामान खातं' हे नाव माझ्या जन्माआधीपासून आहे. ते डेस्कने बदलायचं का?

शब्दवेडा: म्हणूनच 'वातावरण बदल' म्हणा.

भूगोलबाई: वातावरण म्हणजे पृथ्वीभोवतीचं वायूंचं आवरण. समुद्र तापतोय, बर्फ वितळतंय, ते वातावरणात बसवणार कसं? एका चुकीवर दुसरी चढवू नका.

शब्दवेडा: लोक बोलतात तेच चालतं. पाठ्यपुस्तकाची शुद्धता घेऊन बसायचं असेल तर बसा.

भूगोलबाई: शुद्धतेसाठी नाही बोलत. माझ्या वर्गातला एक मुलगा थंडीच्या दिवशी हात वर करून म्हणाला, 'बाई, पेपरात हवामान थंड दिलंय, मग तापतंय काय?' त्याला समजवायला माझा पूर्ण तास गेला. तुम्हाला हा शब्दांचा खेळ वाटत असेल तर आपलं बोलणं इथेच थांबलेलं बरं.

शब्दवेडा: खेळ म्हटलं नव्हतं मी. मुलाचा प्रश्न बरोबर होता. पण चूक त्या शब्दाची, हे तरी माना.

बातमीदार: शब्दासाठी अडून कसं चालेल? 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' यात सगळे शब्द सोपे आहेत, तरी वाचकाला वाटतं की आता शंभर वर्षं निवांत. खरा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षं नदीकाठी राहिलात तर एकदा तरी तसा पूर येण्याची शक्यता २६ टक्के. आणि ही शंभर वर्षंसुद्धा जुन्या पावसावरून काढलेली. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून जुना हिशेब आता पुरत नाही.

रोखठोक: २६ टक्क्यांचं गणित मी करून पाहिलं. बरोबर आहे. अशा गोष्टी शिकवणार असाल तर माझा विरोध नाही. कोणता पक्ष काय म्हणतो, कोणतं धोरण चांगलं, हे शिकवायला लागलात तर मी पुन्हा इथेच असेन. २०३५ चा मुद्दा मी मागे घेतलेला नाही.

बातमीदार: धोरण शिकवू नये, हे मलाही मान्य.

रात्रपाळी: मग डेस्कचं बघा. तीन कॉलम, एक ओळ, वीसेक अक्षरं. लाटेचा अभ्यास अजून आलेला नाही, पान दहा मिनिटांत सोडायचंय. द्या मथळा.

बातमीदार: 'आता अशा लाटा वारंवार'.

रात्रपाळी: बसतो. पण आजच्या लाटेत माणसं गेली आहेत आणि ती यात नाहीत. संपादक पहिला प्रश्न तोच विचारेल.

भूगोलबाई: वर मृतांचा आकडा द्या आणि खाली ही ओळ. दोन ओळींची जागा मागून घ्या.