मदत हवी आहे : पोटनिवडणुकीतलं ते 'एक वर्ष' नेमकं कुठून मोजायचं?

खडूफळा
मंडळी, नमस्कार. मी एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये राज्यघटना शिकवतो. परवा पोटनिवडणुका दहा मिनिटांत उरकायच्या होत्या. दरवर्षी उरकतोच : लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १५१-अ, जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत निवडणूक, चला पुढे.

मागच्या बाकावरच्या कोथरूडच्या मुलीने हात वर केला. "सर, मग आपले खासदार गिरीश बापट गेल्यावर पुण्यात पोटनिवडणूक का नाही झाली?" मी ठोकून दिलं, "मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर घेत नाहीत." ती उठून फळ्यापाशी आली. 'निधन २९ मार्च २०२३', त्याखाली 'लोकसभेची मुदत १६ जून २०२४' असं लिहिलं, बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "सर, चौदा महिने आणि वर अठरा दिवस."

वर्ग हसला. मी म्हटलं, उद्या सांगतो. त्या 'उद्या'ला आज तीन दिवस झाले.

मला हवंय ते एवढंच : पुण्याच्या बाबतीत नियम कुठे अडला? आणि ते एक वर्ष जागा रिकामी झाल्याच्या तारखेपासून मोजायचं की नवा माणूस निवडून येईल त्या तारखेपासून? आमच्या नोट्समध्ये यावर दीड ओळ आहे. राजकीय धुळवड नको, प्लीज.

कज्जेदलाल
सर, तुमची विद्यार्थिनी बरोबर आहे, तुम्ही चुकलात. आता नीट बसा.

१५१-अ मूळ कायद्यात नव्हतंच, ते १९९६ मध्ये घातलं. तोवर जागा किती दिवसांत भरायची याला कायद्यात मुदतच नव्हती. सहा महिन्यांचा नियम आला तेव्हा त्याला दोन पळवाटा (आम्ही त्यांना परंतुकं म्हणतो) जोडल्या. पहिली तुम्ही सांगितलीत, उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असणं. दुसरी क्लासमध्ये कुणी शिकवत नाही : सहा महिन्यांत निवडणूक घेणं अवघड आहे असं निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित करायचं.

पुण्यात ही दुसरी वाट वापरली. ऑगस्ट २०२३ मध्ये आयोगाने तसं प्रमाणपत्र काढलं. कारणं दोन : यंत्रणा लोकसभेच्या आणि इतर राज्यांतल्या निवडणुकांच्या तयारीत गुंतली आहे, आणि आता निवडून येणाऱ्याला जेमतेम तीन-चार महिने मिळतील. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. १३ डिसेंबर २०२३ ला न्या. गौतम पटेल आणि न्या. कमल खाता यांच्या खंडपीठाने ते प्रमाणपत्र रद्द केलं आणि ताबडतोब निवडणूक घ्या म्हणून सांगितलं. पुण्यानंतर रिकाम्या झालेल्या जागांवर पोटनिवडणुका घेतल्या, मग पुण्यालाच अवघड कसं, हा कोर्टाचा मुद्दा होता. कामात आहोत हे कारण त्यांनी मानलं नाही.

८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. मग लोकसभेचीच निवडणूक आली आणि विषय तिथेच थांबला.

शनिवारपेठी
धुळवड करत नाही, पण एक अवांतर लिहितोच. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आला. वर्षभराने खासदार गेले. म्हणजे वर खासदार नाही, खाली नगरसेवक नाही, मध्ये आमदार तेवढे. त्या काळात आमच्या वाड्यासमोरचं ड्रेनेज तुंबलं की कुणाच्या दारात जायचं याची सोसायटीत बैठक व्हायची. (ड्रेनेज हा खासदाराचा विषय नाही, माहीत आहे. पण शिव्या तरी कुणाला घालायच्या?)

शेवटी १३ मे २०२४ ला आम्ही मत दिलं. चौदा महिने पुणे लोकसभेत गैरहजर.

केंद्राध्यक्ष
माझ्या हातात यादी आली की मी निवडणूक ड्यूटीला जातो, कायदा वगैरे कळत नाही. पण तुलना सांगतो. कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक २२ डिसेंबर २०२२ ला गेल्या. कसब्याचं मतदान २६ फेब्रुवारी २०२३ ला झालं. मोजा, सहासष्ट दिवस. आधी तारीख २७ होती, ती बारावीच्या परीक्षेमुळे एक दिवस अलीकडे आणली. त्याच पोटनिवडणुकीत मी एका शाळेत केंद्राध्यक्ष होतो. पहाटे साडेपाचला मॉक पोल (मशीन तपासायचं नमुना मतदान), मशीनला सील लावताना बोटावर सांडलेली लाख, आणि बेंचवर कुणीतरी कर्कटकने कोरलेलं 'बोर्ड २०२३'.

आणि कसबा हा पुणे लोकसभेतलाच एक विधानसभा मतदारसंघ. तेच शहर, त्याच शाळा, तेच आम्ही मास्तर. जमवायचं म्हटलं की दोन महिन्यांत जमतं, एवढं मी छातीठोक सांगेन.

मोर्णाकाठ
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या अकोल्यात आहे, सर. किंवा गोंधळ आमच्या अकोल्यात आहे म्हणा.

अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा ३ नोव्हेंबर २०२३ ला गेले. विधानसभेची मुदत होती २६ नोव्हेंबर २०२४ पर्यंत. म्हणजे निधनापासून मोजलं तर एक वर्ष तेवीस दिवस. आयोगाने लोकसभेसोबतच २६ एप्रिल २०२४ ला पोटनिवडणूक लावली. आम्हाला काय, एका रांगेत दोन मतं. इच्छुकांचे बॅनर पण लागले होते.

मग मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्चच्या शेवटी ती अधिसूचनाच रद्द केली. निकाल लागणार ४ जूनला, त्यानंतर आमदाराला सहा महिनेही मिळत नाहीत, वर्ष कुठलं? याच्याआधी २०१९ ला काटोलची पोटनिवडणूक पण अशीच कोर्टाने थांबवली होती. आशिष देशमुखांनी राजीनामा दिला होता तेव्हा.

म्हणजे पुण्यात लोक म्हणत होते घ्या, आयोग म्हणे नको. अकोल्यात आयोग म्हणे घेतो, कोर्ट म्हणे नको. तुमच्या फळ्यावर हे कसं मांडणार बघा.

कज्जेदलाल
मोर्णाकाठ, नेमकं बोललात. त्याला जोडून कर्नाल घ्या म्हणजे सरांची झोप पूर्ण उडेल.

१३ मार्च २०२४ ला माजी मुख्यमंत्री मनोहरलाल खट्टर यांनी हरियाणातल्या कर्नालची आमदारकी सोडली. तिथल्या विधानसभेची मुदत ३ नोव्हेंबर २०२४ पर्यंत. म्हणजे कुठूनही मोजा, वर्ष भरत नाही. तरी आयोगाने पोटनिवडणूक लावली, कारण नवे मुख्यमंत्री नायबसिंह सैनी आमदार नव्हते आणि घटनेच्या कलम १६४(४) प्रमाणे त्यांना सहा महिन्यांत सभागृहात येणं भाग होतं. अकोल्याचा निकाल दाखवून लोक चंदीगडला पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात गेले. याचिका फेटाळली गेली. २५ मेला मतदान झालं, सैनी निवडून आले.

कळीचा मुद्दा हा : मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर 'सहा महिन्यांत घ्याच' ही सक्ती सुटते. पण सक्ती सुटली म्हणजे बंदी आली का? नागपूरने जवळपास तसं वाचलं, चंदीगडने नाही. माझं वैयक्तिक मत चंदीगडच्या बाजूने. सवलत ही सवलतच असते. पण म्हणून मुख्यमंत्र्यांसाठी चटकन जमतं आणि पुण्याच्या मतदारासाठी जमत नाही, हे मला खटकतं.

मोजायचं कुठून यावर माझा कल जागा रिकामी झाल्याच्या तारखेकडे आहे. निकालापासून मोजायचं ठरलं तर आयोगाने जितका उशीर करावा तितकी पळवाट रुंद होते. २०१८ चं भंडारा-गोंदिया आठवा. नाना पटोलेंनी डिसेंबर २०१७ मध्ये खासदारकीचा राजीनामा दिला, मतदान २८ मे २०१८ ला, त्यात ४९ केंद्रांवर फेरमतदान, निकाल ३१ मेला. निवडून आलेल्या मधुकर कुकडेंना जेमतेम एक वर्ष मिळालं. महिनाभर उशीर झाला असता तर निकालापासूनच्या मोजणीत ती निवडणूक बसलीच नसती.

खडूफळा
सगळ्यांचे आभार. आज वर्गात आधी सांगितलं की परवा मी चुकीचं बोललो. मग फळ्याचे तीन भाग केले : पुणे, अकोला, कर्नाल. प्रत्येकाखाली जागा रिकामी झाल्याची तारीख, मतदानाची तारीख, मुदत संपल्याची तारीख. पुण्याच्या मधल्या रकान्यात आडवी रेघ. वीस मिनिटं वर्गात कुणी मोबाईल काढला नाही.

शेवटी अर्थातच एकाने विचारलं, "सर, पेपरात काय टिक करायचं?" सहा महिने, म्हटलं. पेपर काढणाऱ्याने कर्नाल ऐकलेलं नसणार.

पण कोथरूडच्या बाईंचं समाधान नाही. त्यांनी चंद्रपूर काढलंय. तिथले खासदार बाळू धानोरकर ३० मे २०२३ ला गेले, मुदत तीच १६ जून २०२४. म्हणजे एक वर्ष सतरा दिवस, बरोबर ना? तिथेही पोटनिवडणूक झाली नाही.

कज्जेदलाल
सतरा बरोबर. पण सर, शेवटचा दिवस धरलात की सोडलात ते ती उद्या विचारणार. तयारीने जा.

मोर्णाकाठ
आणि त्यानंतर वरोरा विचारेल. २०२४ ला प्रतिभाताई धानोरकर चंद्रपूरच्या खासदार झाल्या, तेव्हा त्यांची वरोऱ्याची आमदारकी रिकामी झाली.

खडूफळा
वरोरा तिला माहीत नाही अजून. कृपया कुणी सांगू नका.