मदत हवी आहे: मारिओ सोआरेश आणि यशवंतराव यांच्या १९७४च्या कराराबद्दल

नमस्कार मंडळी,

पोर्तुगालचे मारिओ सोआरेश यांच्यावर मराठीत लेख लिहितोय. हे वकील. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात राजकीय कैद्यांचे खटले लढले. विरोधी नेते जनरल देल्गादो यांचा १९६५ मध्ये खून झाला, तेव्हा त्यांच्या कुटुंबाचं वकीलपत्रही घेतलं. अनेकदा तुरुंगवास झाला, १९६८ मध्ये थेट आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर हद्दपारी. १९७३ मध्ये जर्मनीत समाजवादी पक्ष स्थापन केला, आणि वर्षभरात पोर्तुगालमध्ये क्रांती होऊन परराष्ट्रमंत्री! पुढे पंतप्रधान, राष्ट्राध्यक्ष वगैरे झाले, ती माहिती सहज मिळते.

मी अडलोय ते ३१ डिसेंबर १९७४ ला. त्या दिवशी दिल्लीत त्यांनी आणि आपल्या यशवंतराव चव्हाणांनी करारावर सह्या केल्या आणि पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. मुक्तीनंतर तब्बल तेरा वर्षांनी! मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो.

जानेवारी १९७५ ची गोव्यातली किंवा मुंबई-पुण्यातली मराठी वर्तमानपत्रं कुठल्या ग्रंथालयात चाळायला मिळतील? तेव्हा गोव्यात असलेल्या घरच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी कुणी विचारून सांगाल का? आणि पोर्तुगीज जाणणाऱ्यांनो, आडनाव ‘सोआरेश’ लिहू की ‘सुआरिश’?